दरेकसा येथील नियोजित समुद्रासाठी पंपाची निवड

वेव्हमेकर या नावाने बाजारात मिळणारा अभिसरण-पंप पाणी कोठेही नेऊन पोचवत नाही, तो टाकीतले पाणी टाकीतच फिरवत ठेवतो, आणि एवढ्यासाठी माणसे जी रक्कम मोजतात ती ऐकल्यावर सालेकसा तालुक्यातील कोणताही धान पिकवणारा शेतकरी प्रथम पंपाचे व नंतर रक्कम मोजणाऱ्याचे निरीक्षण करतो. असे निरीक्षण प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला आलेले असल्यामुळे विषयाची शास्त्रीय मांडणी करून आपली बाजू सावरणे, हा या लेखनाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू, म्हणजे गोंदिया ते डोंगरगड या लोहमार्गावर घरात समुद्र बाळगणारी एकमेव व्यक्ती म्हणून आपली नोंद व्हावी ही इच्छा, शास्त्रीय ग्रंथात सहसा लिहीत नाहीत.

नियोजित टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच असून तिचे आकारमान पावणेसात घनफूट, म्हणजे सुमारे १९० लिटर भरते. टाकी आतल्या, थंड खोलीत असावी असे या विषयातले जाणकार सांगतात. ती दारातून पाऊल टाकताच दिसावी असे प्रस्तुत लेखकाचे मत पडले आणि टाकी बैठकीत आली. मुंबईचा समुद्र येथून रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर असल्याने खारे पाणी घरीच तयार करावे लागणार, व लिटरमागे ३५ ग्रॅम या प्रमाणाने त्यास साडेसहा किलोंहून अधिक समुद्री क्षारमिश्रण लागणार, इथवरचा हिशेब पुरा झालेला आहे. पाणी मात्र अद्याप घातलेले नाही, कारण पंपाचा प्रश्न निकाली निघाल्याखेरीज समुद्र सुरू करणे अशास्त्रीय ठरले असते. तोवर घरच्या मंडळींनी टाकीत कुलरच्या ताट्या उभ्या करून ठेवल्या आहेत.

पंपाच्या निवडीतील पहिली संज्ञा उलाढाल ही होय. पंप तासाला जितके लिटर पाणी ढकलतो त्या आकड्यास टाकीच्या आकारमानाने भागले की उलाढाल मिळते. मऊ प्रवाळांना ती दहा ते वीस पट पुरते, तर फांद्याफांद्यांच्या कठीण प्रवाळांसाठी या छंदातली माणसे तीस-चाळीस पटींच्या खाली बोलायला तयार नसतात. दुसरी संज्ञा शीर्ष, म्हणजे पाणी किती उंच चढवायचे त्याचे माप. शीर्ष वाढले की प्रवाह घटतो, आणि खोक्यावर ठळक छापलेला आकडा शून्य शीर्षाचा, म्हणजे पाणी मुळीच चढवायचे नाही अशा अवस्थेतला असतो, हे ध्यानात ठेवावे लागते. टाकीखालच्या हौदातून पाणी वर आणणाऱ्या रिटर्न पंपाला चार-पाच फुटांची चढण असल्यामुळे त्याचा खोक्यावरचा आकडा घरी येईपर्यंत पुष्कळ खाली उतरतो. वेव्हमेकर मात्र पाण्यातच बुडून राहतो व केवळ पंखा फिरवतो, त्यामुळे त्याला चढण नाही आणि थोड्या विजेत पुष्कळ पाणी हलवणे त्याला जमते. शेतावरची पाच हॉर्सपॉवरची मोटार सुमारे ३७०० वॅट खाऊन, वीसेक मीटर उंची असता, तासाला तीस-पस्तीस हजार लिटर पाणी देते, म्हणजे वॅटमागे नऊ लिटर. वीस वॅटचा वेव्हमेकर तासाला आठ हजार लिटर हलवतो, म्हणजे वॅटमागे चारशे. ही तुलना प्रस्तुत लेखकाने गावात एकाहून अधिक वेळा, आणि न विचारता, मांडलेली आहे. तिच्यावर आलेला एकमेव गंभीर आक्षेप असा : “अन् चढवते किती, गुरुजी?” उत्तर शून्य असल्यामुळे चर्चा तेथेच थांबली.

पाणी हलवण्याची गरजच काय, हा प्रश्न त्यामुळे आधी सोडवला पाहिजे. प्रवाळ हा प्राणी आहे; पॉलिप नावाचे बहुधा काही मिलिमीटरांचे असंख्य जीव एकमेकांना चिकटून त्याची वसाहत बनते, आणि एकदा बूड टेकल्यावर ही वसाहत जन्मभर जागची हलत नाही. तिच्या पेशींत राहणारी एकपेशीय शैवाले उजेडात अन्न तयार करून तिला देतात, पण प्राणवायू, तरंगते अन्नकण व क्षार पाण्यानेच आणून द्यायचे असतात, आणि मळ व चिकट स्राव पाण्यानेच न्यायचे असतात. शिवाय कोणत्याही पृष्ठभागाला लागून पाण्याचा एक अतिशय पातळ, जवळजवळ निश्चल थर असतो, त्याला सीमास्तर म्हणतात. पाणी खळबळत राहिले तर तो पातळ होतो, एरवी भरल्या समुद्रातही प्रवाळ त्या थराआड उपाशी राहू शकतो. यावरून प्रवाह जितका वेगवान तितका चांगला, असा निष्कर्ष उत्साही माणूस काढतो. दरेकसा स्थानकावर, म्हणजे हावड्याकडे जाताना महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शेवटच्या स्थानकावर, ज्याने वाट पाहिली आहे त्याला यातली गफलत समजावून सांगावी लागत नाही. मेल-एक्सप्रेस गाड्या येथून भरधाव जातात, फलाटावरचे कागद उडतात, पिशवी सावरावी लागते, आणि एवढे वारे अंगावर घेऊनही माणूस जेथे होता तेथेच असतो. त्याच्या कामाची गाडी हळू येते, थांबते, दोन्ही बाजूंना माणसे उतरवते आणि काहींना घेऊन जाते. एकाच दिशेने सरळ आदळणारा झोत प्रवाळाची त्वचा एका अंगाने सोलून काढतो व दुसऱ्या अंगाला गाळ साचू देतो. त्याला हवा असतो तो दिशा बदलणारा, घुटमळणारा, सर्व अंगांनी स्पर्शून जाणारा प्रवाह, ज्याला शास्त्रात संक्षुब्ध प्रवाह म्हणतात.

मग चाळीस पट उलाढालीच्या पंपाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वारंवार का वळते, याचा उलगडा प्रवाळशास्त्रात मिळत नाही. कठीण प्रवाळांचा त्याच्याशी संबंध येण्याची शक्यता तर कायद्यानेच क्षीण केली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक रचणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे इत्यादींचा समावेश झाला, व वाघाला जे संरक्षण तेच त्यांनाही मिळाले. मालवणच्या किनाऱ्याजवळचे प्रवाळ असोत किंवा विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर बुडून असलेली, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारी आंग्रिया बँक असो, तेथला तुकडा उचलून बैठकीत ठेवणे हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा. नियोजित समुद्रात त्यामुळे चामड्यासारख्या पोताचे मऊ प्रवाळ व बटणांसारखी झोअँथिडे, तीही रीतसर कागदपत्रांसह आलेली, एवढ्यांचीच वस्ती व्हायची आहे. त्यांना दहा-वीस पटींची उलाढाल, म्हणजे तासाला दोन ते चार हजार लिटर, पुरते. उरलेले चार हजार लिटर पाहुण्यांसाठी आहेत.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. क्षम्य न ठरल्यासही ते होणारच आहे. घरातल्या जिवंत प्रवाळटाकीचा इतिहास ज्या नावाशी जोडला जातो त्या जकार्ताच्या ली चिन इंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली, आणि तिच्यात पाणी हलवणारा पंपच नव्हता. जिवंत खडक, समुद्राचे पाणी, ऊन आणि हवेचे काही बुडबुडे एवढ्यावर त्यांचे प्रवाळ जगत. हे वाचल्यावर पूर्व विदर्भातल्या वाचकाचे मन जकार्तात फार वेळ राहू शकत नाही. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत विजेचा पंप येण्यापूर्वीपासून पाणी फिरवण्याची जी व्यवस्था उभी आहे, तिचे हजारो तलाव सरकारी कागदांत आज माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव, म्हणून नोंदलेले असतात. ते बांधण्याचे कसब कोहळी समाजाकडे होते. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याने भिजणारी जमीन बक्षीस मिळे अशी परंपरा आहे, आणि नवेगाव बांधाचा विस्तीर्ण जलाशय तर कोलू पाटील कोहळी या एका माणसाच्या नावाशी जोडला जातो. जंगलाच्या उतारावरचे पाणी पहिल्या तलावात यायचे, तो भरला की सांडव्यावरून खालच्या तलावात किंवा बोडीत जायचे, पाळीखालून पाझरून विहिरींत उतरायचे, आणि वरच्या बांधीतून खालच्या बांधीत असे धानाच्या पायऱ्या उतरत पुढे जायचे. या सगळ्या प्रवासात त्याला कोणी ढकलत नसे. उताराचे माप माणसाच्या डोळ्यात होते. तलावाच्या आतही पाणी निपचित नसते. रात्री पृष्ठभाग थंड झाला की वरचे जड झालेले पाणी खाली जाते, खालचे वर येते, वारा त्यास ढवळतो, आणि मरळ, झिंगे, कमळ, शिंगाडा यांचा संसार चालतो. प्रवाळटाकीच्या भाषेत बोलायचे तर ही शून्य वॅटची, सर्व दिशांनी संक्षुब्ध अशी व्यवस्था होती, आणि तिची बटणे सेट करण्यासाठी कोणी पुस्तिका वाचत बसले नव्हते.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली व हे तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी गेली हे योग्यच झाले. परंतु तलावाचा गाळ दरवर्षी काढायला, पाळीवर माती टाकायला, सांडवा फुटला तर रात्री उठून धावायला जी माणसे बांधलेली होती त्यांची जागा कागदाने घेतली, पाणी एका खात्याचे, मासळीचा ठेका दुसऱ्या संस्थेचा आणि गाळ कोणाचाच नाही अशी वाटणी झाली, व कित्येक तलावांत बेशरम नावाचे तण माजले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या स्त्रियांनी चिखलात उतरून ही बेशरम मुळासकट उपटली, जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि गेलेली मासळी परत येऊ लागली. त्यांच्या हातांना कोणत्याही खोक्यावरचा आकडा लागू पडत नाही. त्याच गोंदिया जिल्ह्यात उन्हाळी धानाच्या मोटारीला दिवसाचे चोवीस तास वीज नसते. ती आठ-दहा तासांच्या पाळीने येते, अनेकदा रात्री येते, आणि जंगलाला लागून असलेल्या बांधीत मोटार सुरू करायला जाणाऱ्याच्या एका हातात बॅटरी व दुसऱ्या हातात काठी असते, कारण त्या वाटेवर अस्वलही असते. बैठकीतल्या वीस वॅटला मात्र चोवीस तास अखंड वीज हवी, कारण ती नसेल तर प्रवाळ गुदमरतील. हा युक्तिवाद बिनतोड आहे. तो रात्रीच्या पाळीवरून परतलेल्या शेजाऱ्यासमोर मांडायचा धीर प्रस्तुत लेखकास अजून झालेला नाही.

मूळ विषयाकडे वळायचे तर, पंप किती पाणी हलवतो याइतकेच तो किती तापतो हे येथे महत्त्वाचे आहे. पाण्यात बुडालेल्या पंपाने खाल्लेला जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन पाण्यात उतरतो. प्रवाळांना २४ ते २६ अंश सेल्सिअस सुखाचे असतात आणि गोंदियाचा मे महिना ४४-४५ अंशांच्या गोष्टी करतो, म्हणून मोठा पंप म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला छोटासा उन्हाळाच. मोटार काचेच्या बाहेर व पंखा आत ठेवून दोहोंना लोहचुंबकाने जोडणारे पंप ही अडचण बरीच कमी करतात, पण त्यांची किंमत ऐकताना बसून घ्यावे. नियंत्रकावर खारकच्छ, प्रवाळशिखर, भरती अशा नावांच्या लाटा निवडता येतात, व काही पंप मोबाइलवरूनही चालतात. ही सोय प्रस्तुत लेखकास विशेष मोहक वाटली, कारण गोंदियाच्या बाजारात उभे राहून दरेकसा येथील समुद्रास भरती आणण्याचे सुख आजवर कोणत्याही मालगुजारास मिळालेले नाही. डोंगरांच्या कुशीत नेटवर्क गेले की भरती अडकून पडेल, ही शंका घरातून आली.

सर्व बाजूंचा विचार करता, एका राक्षसी पंपाऐवजी तासाला दोन हजार लिटरांचे, मिळून वीस वॅट खाणारे दोन लहान एकदिश-विद्युत पंप टाकीच्या समोरासमोरच्या काचांवर थोडे तिरपे बसवावेत, त्यांचे झोत मध्यभागी एकमेकांना भिडून फुटावेत, व ते आलटून-पालटून कमी-जास्त व्हावेत, असे ठरवण्यात आले. उलाढाल एकवीस पट येते, जी मऊ प्रवाळांना पुरून थोडी प्रतिष्ठेसाठी उरते. एकदिश पंप निवडण्याचे आणखी एक कारण असे की चौकोनी लहरीची वीज देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर साधे प्रत्यावर्ती पंप घुरघुरतात व तापतात. एकदिश पंप मात्र योग्य व्होल्टेजच्या बॅटरीवरही चालवता येतात.

इन्व्हर्टरचा प्रश्न तेवढा शिल्लक राहतो. घरातली १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदोपत्री १८०० वॅट-तास, आणि वीस वॅट तिच्यावर तीन दिवसांहून अधिक चालावेत. उलट एक छताचा पंखा पाऊणशे वॅट खातो, हे टिपण प्रस्तुत लेखकाने घरच्या मंडळींपुढे आकृतीसह सादर केले. त्यावर मंडळींनी वीज गेल्यावरचा अग्रक्रम लावून दिला : पहिला आजीच्या खोलीतला पंखा, दुसरा स्वयंपाकघरातला दिवा, तिसरा मोबाइलचे चार्जर आणि चौथा समुद्र. समुद्राचा क्रम चार्जरच्या वर न्यावा असा अर्ज देण्यात आला असून, टाकीतल्या ताट्या आधी कुलरला बसवून दिल्यास त्यावर विचार होईल असे आजीने कळवले आहे.