इब्न बतूतासाहेबांस हिंगोलीहून खुले पत्र

मु. पो. टँजियर, मोरोक्को



आपण १३४२ च्या सुमारास दौलताबादेत उतरलात आणि किल्ल्याच्या तळघरात मांजराहून थोर उंदीर आहेत, असे लिहून ठेवलेत. हिंगोलीला आपले पाय लागले नाहीत. त्यामुळे परंपरेप्रमाणे तेव्हा हयात असलेले आमच्या नरसीचे नामदेव महाराज आपल्या वर्णनातून सुटले आणि आमचे उंदीर वाचले. आता मात्र परतफेड चालू आहे. आमची मंडळी आठ-दहा दिवसांच्या सहलीवर आपल्याकडे येतात, माराकेशच्या चौकात गारुडी पाहतात, उंटावर बसतात, पुदिन्याचा चहा पितात आणि ‘मोरोक्को म्हणजे वाळवंट’ असा निकाल देऊन मोकळी होतात. अ‍ॅटलासवर बर्फ पडते. पण ते सहलीच्या कार्यक्रमात नसते, म्हणून देशातही नसते.

कोणी म्हणेल, निदान त्यांनी डोळ्यांनी पाहिले. साहेब, उंदीरही आपण डोळ्यांनीच पाहिले होते! त्यापेक्षा आपल्या प्रवासवर्णनातले नंदुरबारचे पान कामाचे आहे: मराठे भात, भाजी, तिळाचे तेल खातात, अंगावर पाणी घेतल्याशिवाय जेवत नाहीत, सात पिढ्यांच्या आत सोयरीक करीत नाहीत. सोयरीक तटावरून दिसत नाही, विचारावी लागते. आता मामाच्या मुलीवर हक्क सांगणारे आमचे लोक यावर हसतील, हे खरे. पण त्या चुकीतून आपण कोणाच्या ओसरीवर बसून विचारलेत तेवढे तरी कळते. उंदरांवरून काहीच कळत नाही.

मोरोक्को पाहायचा तर जूनमध्ये हिंगोलीतल्या कृषी सेवा केंद्रापुढे उभे राहावे. सोयाबीनच्या पेरणीसाठी डीएपीची ५० किलोंची गोणी हवी असते. शिलाईचा दोरा ओढला की करडे दाणे ओंजळीत येतात. त्यातल्या स्फुरदासाठी आमचा देश आपल्याकडच्या खौरिबगाच्या बाजूचा फॉस्फेट खडक आणि फॉस्फोरिक आम्ल वर्षानुवर्षे विकत घेत आला आहे; जगातले बहुतांश साठे आपल्याचकडे. शेतकऱ्याला खौरिबगा नकाशावर दाखवता येणार नाही, कबूल. पण माल कमी आला की रांग लांबते आणि ‘लिंकिंग’च्या नावाखाली नको ते खत गळ्यात पडते, हे तो जाणतो. उंटावरून उतरलेल्याला आपल्या देशाची एवढीही झळ लागलेली नसते.

पुन्हा येणे झाले तर वसमतच्या हळद बाजारात यावे. क्विंटलचा दर, आडत, तोलाई सगळे विचारून घ्यावे. मराठे जेवणात हळद घालतात, हे आपल्या यादीत राहून गेले आहे.

आपला,
हिंगोलीकर