क्युरियस

मांजरसुंब्याला उतरून नेकनूरच्या काळीपिवळीत मांडी टेकली नाही तोच शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुणाकडचे पाव्हणे?" सांगितलं. "थोरल्याचे का धाकल्याचे?" धाकट्याचा. "पगार किती पडतो?" तेही सांगितलं. आजोबा हळहळले, "एवढ्यात पुण्यात भागतं?" उतरेपर्यंत अख्ख्या गाडीला माझी काळजी लागली होती.

घरी पुतणी गृहपाठ घेऊन बसलेली. 'इन्क्विझिटिव्ह' शब्दाचा वाक्यात उपयोग करा. मी मास्तरकीच्या सुरात सांगितलं, जाणून घ्यायची हौस असेल तो क्युरियस, प्रश्नांमागून प्रश्न विचारतो तो इन्क्विझिटिव्ह आणि नको तिथं डोकावतो तो नोझी. त्यात इंग्रजांचं नाक आहे. आपणही खुपसतो ते नाकच. मराठीत जिज्ञासू, चौकस, भोचक.

"काका, मग आज्जी कोण?"

आतून आईचा आवाज आला, "काय विचारतीय गं ती?"

क्युरियसचं मूळ लॅटिनमधल्या 'कुरा'त, म्हणजे काळजीत आहे, हे आईला सांगून मी चूक केली. "बघ! मी काळजीपोटीच विचारते," म्हणत ती शेजारणीकडे निघून गेली. आता तिला लॅटिनचा पाठिंबा होता. फाजील चौकशीनं मांजर मेलं, अशी इंग्रजीत म्हण आहे. पण 1598 साली रंगमंचावर आलेल्या बेन जॉन्सनच्या नाटकात मांजराचा जीव घेते ती काळजी! चौकशीवर आळ आला तो पुढं तीनेकशे वर्षांनी. मांजर तेच, आरोपी बदलला.

एवढं विचारणारी ही माणसं जनावरांच्या बाजारात मात्र वेगळीच वागतात. बैलाचा जबडा उघडून दात मोजणार, दोन दाती, चार दाती. आठ झाले की जुळला. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथं बघणारा नवखा. खोड विचारणार, मालक का विकतोय तेही विचारणार. पण भावाची वेळ आली की हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, रुमाल काढतो, त्याखाली बोटं धरली जातात आणि सौदा मुक्यानं होतो. भोवतीचे पन्नास जण रुमालाकडं नुसते बघत राहतात.

परवा शेजाऱ्यांनी असाच बैल आणला. चार दाती, अंगानं भरलेला. आईनं तीन वेळा चहा पाजला, पण किंमत काही निघाली नाही. कुणाला कळली असेल तर आमच्या घरी निरोप धाडा. आई काळजीत आहे.