काकांची जर्मन चिल्लर

"चहा लांब ठेवा," हे आधी. "या, बसा," हे मागाहून. भांडुपच्या कोकणनगरातले आमचे हे काका. कुणी तिकिटं जमवतो, कुणी ७८६ आकड्याच्या नोटा. असा एक नग प्रत्येक सोसायटीत असतोच. काकांचं खूळ जरा लांबचं. ते नोटगेल्ड जमवतात.

चिमट्यात धरलेली नोट समोर येते. हात लावायचा नाही, शिंकायचं तर गॅलरीत. मग इतिहास. पहिल्या महायुद्धात जर्मनीतला धातू तोफांकडे गेला, उरलीसुरली नाणी लोकांनी दडवली, तेव्हा गावोगावच्या नगरपालिकांनी स्वतःच्याच फेनिगच्या, म्हणजे तिकडच्या चिल्लरीच्या, नोटा छापल्या. तेच हे नोटगेल्ड. पुढे त्यांना एक गंमत कळली. चित्र झकास असलं की हौशी माणूस नोट वटवायला येतच नाही, म्हणजे छपाई वजा जाता सगळा नफाच. मग १९२१-२२ मध्ये जो तो आपल्या गावची दंतकथा नोटेवर आणू लागला. थालेने चेटकिणी नाचवल्या, म्योल्नने टिल ऑयलेनश्पीगल हा आपला इरसाल कार्टा. बीलेफेल्डने चक्क रेशमावर नोटा काढल्या. "एवढ्यात माझं ब्लाउजपीस झालं असतं," काकू आतून.

काकांचा जीव मात्र हॅमेलिनच्या नोटेवर. "उंदीर बघा उंदीर! आणि ज्या गावानं उंदीर घालवणाऱ्या बासरीवाल्याची मजुरी बुडवली, त्याच गावानं त्याला पैशावर छापला!" इथे काका स्वतःच टाळी मागतात. मुंबईत पालिकेची माणसं रात्रभर काठी घेऊन उंदीर मारत फिरतात. त्यांना नोटेवर कोण घेणार?

१९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते, हेही काका अभिमानाने सांगतात, जणू भाव त्यांनीच चढवला. "मग आता ह्याचे किती येतील?" असं विचारणाऱ्याला पुन्हा आल्बम दिसत नाही.

परवाच्या सोसायटी मीटिंगमध्ये काकांनी सूचना मांडली: मेंटेनन्सच्या पावतीवर आपल्या मालवणच्या देवचाराचं चित्र छापावं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, लोक पावत्या जिवापाड जपतील. खजिनदारांनी चष्मा वर केला.

"पावती छापू हो. पण तुमचे तीन महिने बाकी आहेत."

काकांनी खिसे चाचपले. "सुटे नाय हत."