जावईबापूंनी रापावं कसं : नागपूरकर यजमानांसाठी मार्गदर्शिका

मे महिन्यात नागपुरात लग्न काढायचं आणि त्या लग्नाला परदेशातला थोरला जावई बोलवायचा, हे धाडस करणारी घरं आता प्रत्येक गल्लीत एक तरी सापडतात. जावई गुणी असतो. वरणभात हातानं कालवतो, तर्री-पोह्यांवर तांब्याभर पाणी पितो आणि तक्रार करत नाही. अडचण एवढीच की तो वर्षातले आठ महिने ढग बघून आलेला असतो. नागपूरचं ऊन दिसताच त्याच्या मनात येतं की परत जाताना थोडं तांबूस होऊन जावं. घरच्यांना ही इच्छा कळत नाही. शंकरनगरहून बर्डीपर्यंत जायचं तरी माणूस डोळे सोडून सगळं झाकून निघतो, अशा गावात कोणी उघड्या अंगानं गच्चीवर पडलं तर शेजारी एकच अर्थ काढतात: घरात काहीतरी बिनसलं. हा गैरसमज टळावा आणि जावईही शाबूत राहावा, यासाठी हे मार्गदर्शन.

सर्वप्रथम पात्रता तपासावी. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 साली त्वचेची वर्गवारी मांडली. सोरायसिसच्या रुग्णांना अतिनील किरणांची किती मात्रा सोसेल, हे ठरवण्यासाठी त्यांना ती हवी होती. पहिल्या प्रकारची त्वचा नेहमी भाजते, रापत कधीच नाही. दुसऱ्या प्रकारची सहज भाजते, जेमतेम रापते. पुढे पाचवा आणि सहावा प्रकार जोडला गेला, तिथे भाजणं फार कमी. आपण बरेचसे भारतीय चौथ्या-पाचव्यात येतो. जावईबापूंचे केस तांबडे, भुवया फिकट आणि नाकावर ठिपके असतील तर ते पहिल्या प्रकारातले समजावेत आणि त्यांचा अर्ज इथेच नामंजूर करावा. ते कितीही वेळ पडून राहिले तरी गव्हाळ होणार नाहीत. लाल होतील, सोलतील आणि पुन्हा होते तसे होतील. त्याच 1975 साली आपल्याकडे फेअर अँड लव्हली बाजारात आली. हा योगायोग वहीत टिपून ठेवावा, पुढे लागेल.

आता मुहूर्त. नागपूर 21 अक्षांशाच्या जरासं वर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस असा येतो की बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. म्हणजे नवतपा, लग्नसराई आणि शून्य सावली, तिन्ही एकाच आठवड्यात. यापेक्षा घट्ट योग कोणत्याही पंचांगात नाही. या वेळी अतिनील निर्देशांक 11 च्या वर जातो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत त्यापुढे रकानाच नाही. पहिल्या प्रकारच्या त्वचेला भाजायला तेव्हा दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

इथे जुन्या नागपूरकरांचीही एक समजूत दुरुस्त करायला हवी. आपण पाऱ्याला भितो. 2013 च्या मे महिन्यात तो 47.9 वर गेला होता, हे आपण पाहुण्यांना अशा सुरात सांगतो की जणू तो आपणच चढवला. 30 मे 2024 ला इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले, तेव्हा हवामान खात्यानं यंत्र बिघडल्याचा खुलासा केला. कित्येकांना तो खुलासा मनापासून आवडला नाही. पण त्वचा पाऱ्यानं रापत नाही. पारा चढतो दुपारी तीनच्या आसपास आणि अतिनील किरणं जोरात असतात ती बाराच्या आगेमागे. सकाळी अकराला ‘अजून ऊन कुठं तापलं’ म्हणून उघड्या डोक्यानं भाजी आणायला गेलेला माणूस चारच्या झळांत निघालेल्यापेक्षा जास्त रापतो.

मग सुरक्षित वेळ कोणती? त्वचारोगतज्ज्ञांचा एक सोपा नियम आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सावलीत जावं. हा नियम घेऊन वर्षभराचं वेळापत्रक मांडायला बसलं, की डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी सावली कशीबशी उंचीएवढी भरते. म्हणजे नागपुरात दुपारी बाराला निर्धास्त फिरता येईल असे दिवस साधारण हिवाळी अधिवेशनाचे, आणि ते लोकप्रतिनिधींनी आधीच राखून ठेवलेले आहेत. मे महिन्यातल्या पाहुण्यांना सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर फुटाळ्याला न्यावं. तिथे ते रापणार नाहीत, मक्याचं कणीस खातील. हाही एक निकालच.

तरीही जावई ऐकत नसेल तर स्थळ म्हणून गच्ची आहे. मात्र मे महिन्यात गच्चीवर आधीपासून कुरडया, पापड आणि वड्यांचा ताबा असतो. त्यांच्या मधोमध गादी टाकावी आणि सासूबाई कुरडया उलटवायला येतील तेव्हाच पाहुण्यांनाही उलटवून घ्यावं. कुरडई वाळली की तडतडते, तशी सोय इथे नाही. त्वचेची लाली लगेच दिसत नाही. ती काही तासांनी उमटते आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण रंगात येते. ‘काही नाही झालं, अजून अर्धा तास पडतो,’ असं जावई म्हणतो तेव्हा खरं तर सगळं होऊन गेलेलं असतं. ‘काऊन जी जवाईबापू, उनात काऊन झोपून राहिले?’ असं विचारायला शेजारच्या काकू येतात, तोवर पुढच्या तीन दिवसांचा कार्यक्रम ठरलेला असतो.

अंगात नेमकं काय चाललेलं असतं, हेही मार्गदर्शकाला माहीत हवं. अतिनील किरणं पेशीतल्या डीएनएला इजा करतात. त्या इजेची खबर लागली की त्वचा मेलॅनिन वाढवते आणि ते पेशीच्या केंद्रकावर नेऊन पसरते, पुढचा मार चुकवायला. हा नवा रंग दिसायला दोन-तीन दिवस लागतात. तांबूस रंग म्हणून ज्याचं कौतुक होतं ती ही दुरुस्तीच्या कामाची खूण आहे. ‘आधी थोडं रापून घेतलं की मग भाजत नाही’ असा युक्तिवाद जावई करतील. त्या रापण्यानं मिळणारं संरक्षण एसपीएफ 3 किंवा 4 एवढंच असतं. त्यासाठी घरचा डीएनए खर्ची घालणं वऱ्हाडी हिशेबात बसत नाही.

परदेशात यासाठी दिव्यांच्या पेट्या मिळतात, माणूस आत झोपतो आणि वरून झाकण लावतात. 2009 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं या पेट्यांना तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या रांगेत बसवलं आणि त्याच वर्षी ब्राझीलनं त्यांवर बंदी घातली. नागपुरात असं दुकान टाकायचा कोणाचा बेत असेल तर त्यानं आधी मेचं विजेचं बिल डोळ्यांसमोर आणावं.

आता पर्याय. पहिला आणि खरोखर बरा पर्याय म्हणजे ट्यूबमधून येणारा रंग. त्यातला मुख्य घटक डायहायड्रॉक्सीॲसिटोन ही एक साखर. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीत एव्हा विटगेनस्टाइन मुलांच्या एका आजारावर ती साखर तोंडावाटे देऊन बघत होत्या. औषध अंगावर सांडलं की तिथली त्वचा तपकिरी होते आणि कपडे मात्र तसेच राहतात, हे त्यांनी हेरलं. ही साखर त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातल्या प्रथिनांशी जोडली जाते. सावजी रश्श्यासाठी कांदा भाजताना जी क्रिया होते तिच्याच कुळातली ही. आठवडाभरात तो थर झडतो आणि रंगही जातो. डीएनएला धक्का नाही.

नागपुरी अडचणी मात्र आहेत. लावल्यावर काही तास घाम येता कामा नये, आणि कूलरपुढे ओल्या हवेत बसून ते जमत नाही. एसीची खोली लागते, आणि लग्नघरात एसीच्या खोलीत दागिने आणि आजेसासूबाई असतात. कोपर, गुडघे आणि घोटे कोरडे असल्यानं जास्त रंग पितात, तिथे हात आखडता घ्यावा. हळदीच्या आदल्या दिवशी तर मुळीच लावू नये. वर हळद चढली की कोणता रंग कोणाचा हे सांगता येत नाही. रंग जास्त झाला तर माणूस नारिंगी दिसतो, पण नागपुरात त्यालाही शोभा आहे. या रंगानं उन्हापासून काहीही बचाव होत नाही, हे मात्र जावईबापूंना दोनदा सांगावं.

दुसरा पर्याय संत्र्यांचा. जपानमध्ये हिवाळाभर संत्री खाणाऱ्यांचे तळहात पिवळे पडतात. त्यांतलं कॅरोटीनसारखं द्रव्य त्वचेत साठतं आणि खाणं थांबवलं की उतरतं. नागपूरसाठी याहून देशी उपाय कोणता? पण आंबिया बहार हिवाळ्यात संपतो आणि मृग बहारही मेच्या आधीच बाजारातून उठतो. लग्नाची तारीख काढताना कोणी बहाराचा विचार करत नाही. रंग आणणाऱ्या गोळ्या परदेशात मिळतात, त्यांतल्या कॅन्थाझँथिनचे खडे डोळ्याच्या पडद्यावर जमल्याचं दिसलं आहे. तिकडे वळू नये.

तिसरा पर्याय म्हणजे नागपूरचा दुपट्टा, आणि खरी विद्या इथेच आहे. दुपट्टा सुती हवा, लांब हवा. कपाळावरून घेऊन कानांमागे, मग नाकावरून एक वेढा, मानेवर दुसरा, टोकं आत खोचायची आणि वर गॉगल. हातात कोपरापर्यंत मोजे, अंगात सनकोट. अशा तयारीनं निघालेल्या बाईला सिग्नलवर तिचा सख्खा नवरा ओळखत नाही. ही सोय कित्येक संसारांना उपकारक ठरली आहे. एक बारकावा मात्र जाणत्यांनाही ठाऊक नसतो. लू लागू नये म्हणून आपण दुपट्टा ओला करतो, ते बरोबरच आहे. पण पातळ पांढरं कापड ओलं झालं की त्यातून अतिनील किरणं जास्त पार होतात. घट्ट विणीचं, गडद कापड जास्त अडवतं. म्हणून लूसाठी ओला आणि उन्हासाठी जाड, असा दुहेरी बंदोबस्त करावा. खिशातला कांदा कोणतीही किरणं अडवत नाही, पण जेवताना उपयोगी पडतो.

उघड्या राहिलेल्या भागाला सनस्क्रीन. एसपीएफ 30 भाजणारी किरणं सुमारे 97 टक्के अडवतं, 50 सुमारे 98. त्या एका टक्क्यासाठी दुकानदाराशी वाद घालू नये. चूक होते ती मापात. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर भरेल इतकं लावायचं असतं आणि दर दोन तासांनी पुन्हा. आपण ते अत्तरासारखं लावतो आणि मग कंपनीला नावं ठेवतो.

आता वहीतलं 1975 काढावं. जावई गच्चीवर रंग मिळवत असतो त्याच वेळी खाली नवरी पार्लरमध्ये डी-टॅन करून घेत असते, आणि दोघंही पैसे मोजतात. फेअर अँड लव्हलीनं 2020 साली नावातला गोरेपणा काढला. लग्नाच्या जाहिरातींनी अजून तसदी घेतलेली नाही. इथे विनोद थोडा बाजूला ठेवतो. गोरं करणाऱ्या बिननावाच्या डब्यांत कधी स्टेरॉइड असतं, कधी पारा. अकोल्यात एकाच घरातल्या मायलेकींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममुळे इजा झाली आणि तपासणीत त्यात पारा निघाला, हे 2023 मध्ये छापून आलं होतं. जावयाच्या गोऱ्या कातडीची काळजी करणाऱ्या घरानं नवरीच्या ड्रेसिंग टेबलावरचे डबेही एकदा उलटून लेबल वाचावं. लेबलच नसेल तर डबा टाकून द्यावा, मावशीनं आणला असला तरी.

सगळं सांगूनही जावईबापू भाजलेच, तर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, कैरीचं पन्हं आणि ताक देत राहावं. ताप, उलटी किंवा मोठे फोड आले तर थेट डॉक्टर. तूप, टूथपेस्ट आणि सल्ला, यांतलं काहीही अंगावर चोळू नये. लिंबू तर नाहीच. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

शेवटची सूचना फोटोग्राफरसाठी, आणि ती आगाऊ रक्कम देतानाच लेखी द्यावी. अल्बम करताना तो नवरीला दोन छटा उजळ करतो, आणि तो उजेड घरातल्या सगळ्या फोटोंवर सरसकट फिरतो. नंतर जावई त्यांच्या देशात मित्रांना अल्बम दाखवतील, तेव्हा एकाही पानावर ते रापलेले दिसणार नाहीत.