रिव्हर व्ह्यू, बदलापूर

मुंबईत नोकरी करणाऱ्या जोडप्याचं पहिलं घर कुठे असावं, हे बँक ठरवते. पगाराच्या स्लिपा पाहून ती कर्जाचा आकडा सांगते आणि तो आकडा हातात धरून निघालेली माणसं मुलुंड, ठाणे, डोंबिवली अशी एकेक आशा सोडत बदलापूरला उतरतात.

जाहिरातीत स्टेशन पाच मिनिटांवर असतं. असेलही, रात्री दोन वाजता, बाइकवर, रस्ता रिकामा असताना. महारेरामुळे कार्पेट एरिया सांगावा लागतो, जाहिरातीवर क्यूआर कोड छापावा लागतो. मिनिटं मात्र अजून बिल्डरच्या घड्याळानेच मोजतात.

सीएसएमटी इथून सुमारे ६८ किलोमीटर. 'गाडी इथूनच सुटते, बसायला मिळतं,' असं सेल्समन सांगतो. त्याला अंबरनाथकर ठाऊक नसावेत. ते उलटा प्रवास करून आधीच खिडकी धरून बसलेले असतात.

नदीकाठच्या इमारतीत 'रिव्हर व्ह्यू'चे पैसे वेगळे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीने हा व्ह्यू सगळ्यांना फुकट दाखवला. बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. ब्रोशरमध्ये तो फोटो नाही.

तेव्हा सॅम्पल फ्लॅट बघायला रविवारी बिल्डरच्या एसी गाडीतून जाऊ नका. जुलैतल्या एखाद्या सोमवारी सकाळी आठला बदलापूरच्या फलाटावर उभे राहा, डब्यात शिरून दाखवा, आणि मगच टोकनचा चेक फाडा.