पंचकाका

झडती घ्यायची तर कायद्याला त्या भागातले दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी लागतात. वसईत त्यातले एक आमचे पंचकाका. स्वतंत्र, कारण रिटायर झालेत. प्रतिष्ठित, कारण पोलीस चौकीसमोरच्या टपरीवर रोज सकाळी हमखास सापडतात. दुसरा पंच दर वेळी नवा. तो बहुधा चहाला थांबलेला एखादा बेसावध माणूस असतो आणि पुढच्या खेपेपासून दुसरी टपरी धरतो.

पंचनाम्याची भाषा काकांच्या तोंडात बसली आहे. काकूंनी पापडीच्या बाजारातून वेलची केळी आणायला सांगितली, की काका दारातूनच जाहीर करतात, "केळी एक डझन, पैकी दोन दबलेली, वर्णन येणेप्रमाणे." काकू पिशवी ओढून घेतात. त्यांच्या लोणच्याच्या बरणीवर कागदाची पट्टी, तिच्यावर तारीख आणि काकांची सही मी स्वतः पाहिली आहे. फक्त लाखेचं सील नव्हतं. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, तेव्हापासून काका खिशात कंगवा बाळगतात.

सही सोपी असते. खरा त्रास पुढे, काही वर्षांनी समन्स येतं तेव्हा. काका इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच कोर्टाच्या व्हरांड्यात. आरोपीला आणलेलं नाही, वकील हायकोर्टात, साहेब रजेवर, पुढची तारीख. आणि एकदाची साक्ष झालीच, तर बचावाचा वकील विचारणार, "आरोपीच्या शर्टाचा रंग कोणता होता?" काकांना कालची भाजी आठवत नाही.

अशाच एका तारखेला त्यांना योजना सुचली. अमेरिकेत फेडरल कोर्टात ज्यूरीत बसणाऱ्याला दिवसाला ५० डॉलर मिळतात, हे त्यांना पुतण्याने फोनवर सांगितलं होतं. आपली ज्यूरी तर गेलीच. १९५९ च्या नानावटी खटल्यात नवातल्या आठ जणांनी निर्दोष म्हटलं, न्यायमूर्ती रतिलाल मेहतांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. आणि पुढे १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. काकांचं म्हणणं, त्या नऊ जणांना नीट भत्ता दिला असता तर ज्यूरी आजही टिकली असती. याला पुरावा काही नाही, पण काका साक्षीदार आहेत, पुरावा आणणं त्यांचं काम नव्हे.

"ज्यूरी गेली, आता जनता म्हणून आम्ही पंचच उरलो," ते म्हणाले. "आमचा भत्ता वाढवा आणि कोर्ट फीतून वळता करा. २०१८ मध्ये महाराष्ट्रात कोर्ट फीची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर नेली ना? आपल्या वसई-विरारात तर गुंठ्यागणिक भांडण. पैशाला काय तोटा?"

बाकावरच्या वकिलांनी वर्तमानपत्र खाली केलं. "काका, ती फी भरतात दिवाणीवाले. गासच्या बांधावरून भांडणाऱ्याने नालासोपाऱ्याच्या गांजाच्या पंचाला का पोसायचं?"

"बांधावरून सुरू झालेलं कोयत्यापर्यंत जातं, वकीलसाहेब. मग तुमचं दिवाणी फौजदारी होतं आणि मलाच बोलावतात."

उत्तर बिनतोड होतं. पण वकीलही मुरलेले. "आणि उलटतपासात पहिलाच प्रश्न आला, की काय काका, साक्षीचे किती मिळतात, तर?" काका गप्प झाले. हे मात्र मी पंच म्हणून शपथेवर सांगायला तयार आहे.

माझ्या मते पगारी पंच नकोच. आहेत तेवढे नेहमीचे पंच पुरेत. जाण्यायेण्याचा आणि बुडालेल्या दिवसाचा खर्च मात्र वेळेवर मिळाला पाहिजे, आणि तो सरकारी तिजोरीतून. तशी सोय कायद्यात आहेच: फौजदारी कोर्ट साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारने द्यावा असा हुकूम करू शकतं. दिवाणीत तर साक्षीदार बोलावणाऱ्यालाच भत्त्याची रक्कम आधी कोर्टात भरावी लागते. मी काकांना म्हटलं, मागून तरी बघा. ते दुखावले. "प्रतिष्ठित रहिवासी रिक्षाभाडं मागतो का?"

तुमचं कधी कोर्टात काम निघालं तर व्हरांड्यात ते भेटतीलच. नमस्कार करा, चहा पाजा. कोणी कोरा कागद पुढे केला तर मात्र सही करू नका, शेजारी काकांची आधीच झालेली असली तरी.