पाडा आता, फेडा नंतर

मुंबईत इमारत पाडायला कर्ज लागत नाही, ते काम पाऊस फुकटात करतो. 2017 च्या ऑगस्टमध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत गेली, 2019 च्या जुलैत डोंगरीतली केसरबाई. दोन्ही वेळा माणसं आतच होती. कर्ज लागतं ते माणसं बाहेर असताना, रीतसर पाडण्यासाठी. म्हणून शहराला मी एक कर्ज योजना बसवून देतो आहे. फी घेणार नाही. फार तर प्रीमियम घेईन.

पात्रतेवर फार डोकं चालवलेलं नाही. इमारत ‘सी-वन’ म्हणजे अतिधोकादायक हवी. मालकाच्या ऑडिटरला ती आज रात्रीच पडेल असं दिसतं, रहिवाशांच्या ऑडिटरला प्लास्टरचे दोन हात पुरेसे वाटतात. मग दोन्ही अहवाल पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातात. निकाल लागेपर्यंत इमारतीने धीर धरावा.

पुढचा कागद जमिनीचा. 1963 चा मोफा कायदा आणि त्याचे नियम म्हणतात, सोसायटी नोंदली की चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावावर करून द्यावी. आमच्या सोसायटीचे ते चार महिने अजून चालू आहेत. बिल्डर वारले, मुलगा परदेशात, सातबारावर भलतंच नाव. बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घ्यायची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय आहे, पण त्यासाठी मंजूर नकाशा काढायला गेलो तर कळलं की वरचे दोन मजले नकाशातच नाहीत. त्या दोन मजल्यांवर आमचे अध्यक्ष आणि सेक्रेटरी राहतात, त्यामुळे विषय पुढच्या सभेवर ढकलला.

आता मुख्य भाग. कर्जाचा पैसा सिमेंट आणि सळईत जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पालिकेत भरायच्या रकमांचा तक्ता एकदा चष्मा लावून वाचावा. विक्रीच्या घरांना फंजिबल एफएसआय म्हणजे जादा बांधकामाची मुभा हवी, त्याचा प्रीमियम. जिना, लिफ्ट, लॉबी क्षेत्रफळात धरू नयेत, त्याचा प्रीमियम. इमारतीभोवती नियमाएवढी मोकळी जागा सुटत नाही? हरकत नाही, त्या न सुटलेल्या जागेचाही प्रीमियम भरता येतो. उद्या आग लागली आणि बंब आत वळेना, तर चालकाला पावती दाखवायची. 2021 मध्ये सरकारने वर्षभरापुरते हे प्रीमियम निम्म्यावर आणले, तेव्हा फायलींची अशी झुंबड उडाली की पालिकेची तिजोरी उलट जास्तच भरली. निम्म्या दरात दुप्पट धंदा हे गणित दादरच्या फेरीवाल्याला कधीपासून ठाऊक आहे.

बिल्डरला वगळून सोसायटीनेच इमारत बांधायची, त्या स्वयंपुनर्विकासाला सरकारने 2019 मध्येच एक खिडकी देऊ केली. मी दुसरी सुचवतो, अगदी तिच्याच शेजारी. एका खिडकीतून पालिकेचं कर्ज घ्यायचं, दोन पावलं सरकून दुसरीत प्रीमियम भरायचा. नोटा गार होण्याआधी परत. सोसायटीने घरी फक्त व्याज न्यायचं.

बाहेर पडणाऱ्या रहिवाशांच्या भाड्याचं कलम मात्र मी गंभीरपणे लिहिलं आहे. गोरेगावच्या पत्रा चाळीतली 672 कुटुंबं 2008 च्या पुनर्विकासाच्या करारावर भरवसा ठेवून बाहेर पडली. पुढे बिल्डरचं भाडंही थांबलं, आणि दहा वर्षं उलटली तरी घर नव्हतं. तेव्हा बांधकाम तीन वर्षांचं धरलं, तर भाड्याची तरतूद किती वर्षांची ठेवायची? मी कलमात ‘हयातभर’ लिहून पुढे ‘व तदनंतर वारसांना’ जोडलं आहे. संक्रमण शिबिरात जन्मून तिथेच मुंडावळ्या बांधलेल्यांना यात अतिशयोक्ती दिसणार नाही.

ही योजना मी परवा सर्वसाधारण सभेत मांडली. 51 टक्के संमती पुरते, असं सांगितल्यावर उरलेले 49 टक्के पहिल्यांदाच एकत्र बसले. त्यांचे पुढारी आमचे खजिनदार काका. हयात बँकेत गेली, त्यामुळे कर्ज घेण्याच्या ते तत्त्वतः विरोधात.

“तारण काय देणार?” काकांनी विचारलं.

“वरचे मजले. ते विकून कर्ज फिटेल.”

“ते बांधलेत कुठे?”

“अजून नाही. सध्या तिथे आकाश आहे.”

“म्हणजे आपण चौदाव्या मजल्यावरची हवा गहाण टाकायची.”

“हो, काका.”

“आणि ती हवा आधी विकत घ्यायची. कोणाकडून?”

“बरीचशी पालिकेकडून. प्रीमियम भरून.”

“त्याला पैसे?”

“पालिकाच देणार ना, कर्जाने!”

काकांनी चष्मा काढून पुसला. “मग मधे आपण कशाला?”

ठरावाला सूचक मिळाला आहे. अनुमोदक शोधतो आहे.